गिराणाचं दान

"घाल अंगात," देशमुखीण म्हणाली. "इथंच घाल. माझ्या डोळ्यासमोर."

सदरा माझ्या पायापाशी पडला होता. तिच्या पोराच्या अंगातून आत्ताच काढलेला. पोराला देवी आल्या होत्या. फोड वाळून खपल्या धरल्या होत्या. सदऱ्याला आतून त्या खपल्या चिकटलेल्या दिसत होत्या.

दुपारची वेळ होती, पण उजेड मळकट झाला होता. सूर्याला गिराण लागलं होतं. ग्रहणाला आमच्याकडं गिराणच म्हणतात. कोंबड्या खुराड्यात शिरल्या होत्या. देशमुखाच्या गढीच्या मागच्या दारात मी आणि माय उभ्या होतो. माय ओटी पसरून ओरडत होती, "दे दान, सुटे गिराण." तिच्यामागं मी म्हणत होते.

गिराण लागलं की गावातल्या मांगांनी दारोदार असं ओरडत फिरायचं. घरवाल्यांनी दाणे, विटकी लुगडी, चेपलेली भांडी आमच्या ओटीत टाकायची. नाव दानाचं. पण घरात जे काय वाईट असेल, पाप, रोग, कुणाची नजर, ते सगळं त्या वस्तूंवर उतरवायचं आणि आमच्याकडं ढकलायचं. आम्ही ते घेऊन जायचं. गाव मोकळं व्हायचं.

माय म्हणाली, "बाईसाब, लेकरू हाय ते. मी घेते की सदरा."

"तुला न्हाई. लेकराचं लेकरानं घ्यायचं. पोराच्या अंगावरचं उतरून राहिलंय, ते पोरीच्या अंगावर जाऊ दे."

मी मायकडं पाहिलं. मायनं मान खाली घातली. मी सदरा उचलला आणि अंगात घातला. तो अजून गरम होता. मला आखूड झाला. त्याचा वास मला आजही सांगता येत नाही.

"आता म्हण. मोठ्यानं म्हण."

मी म्हणाले, "दे दान, सुटे गिराण."

"अजून मोठ्यानं."

मी ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. दाराच्या आत पोरगं शालीत गुंडाळून बसलं होतं. माझ्याच वयाचं. ते माझ्याकडं पाहून हसलं. त्याच्या अंगावरचं गेलं असं त्याला बहुतेक वाटलं असेल.

"जा आता," देशमुखीण म्हणाली. "तोंड वर करू नको. मागं पाहू नको. कुठं काढून फेकू नको, सरळ घरी घेऊन जा."

त्या सदऱ्यात मी सगळ्या गावातून चालत मांगवाड्यात आले. वाटेत बाया बाजूला होत होत्या. एकीनं आपलं लेकरू पदराखाली घेतलं.

हे गाव कळमनुरीच्या अलीकडं, कयाधू नदीपासून थोडं आत. राज निजामाचं होतं. गावात देशमुखाचं होतं.

आणि आम्ही किरिस्ताव होतो.

हे सांगितलं की लोक विचारतात, मग गिराण कसं मागत होता? तेच सांगते.

मी जन्मायच्या आधी मांगवाड्यातल्या घरांनी बाप्तिस्मा घेतला होता. माझ्या मायचं नाव गोदा होतं, ते मार्था झालं. बा दोर वळायचा आणि कळमनुरीच्या बाजारात विकायचा. बाप्तिस्मा झाला तेव्हा बानं आणि बाकीच्यांनी ठरवलं होतं, आता मेलेलं ढोर ओढायचं नाही, जत्रेत हलगी वाजवायची नाही, गिराण मागायचं नाही. बा सांगायचा, त्या वर्षी त्याला रस्त्यानं चालताना छाती मोठी झाल्यासारखं वाटायचं.

गावानं काही मारहाण केली नाही. विहीर बंद केली फक्त. विहिरीला हात लावायचा हक्क आम्हाला नव्हताच. आमच्या बाया कडेला घागरी घेऊन बसायच्या, कुणबिणींपैकी कुणाला दया आली की ती वरून पाणी ओतायची. ते ओतणं बंद झालं. उन्हाळा होता. नदीतले झिरे आटले होते. मायच्या पोटात तेव्हा मी होते. शेवटी बा गढीवर गेला. डोक्याचं मुंडासं काढून देशमुखाच्या जोड्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी सुरू झालं.

तेव्हापासून ढोर सुरू, हलगी सुरू, गिराण सुरू.

महिन्यातून एकदा पाळकसाहेब हिंगोलीहून बैलगाडीनं यायचे. पांढरा कोट, हातात काळ्या कव्हराचं शास्त्र, म्हणजे बायबल. त्यांचं घराणं वरच्या जातीतलं होतं, त्यांच्या आज्यानं धर्म बदलला होता. माणूस वाईट नव्हता. शिव्या द्यायचा नाही. आम्हाला कुणी 'अहो' म्हणायचं नाही, ते म्हणायचे. पण पाणी स्वतःच्या तांब्यातलं प्यायचे. तांब्या हिंगोलीहून भरून आणायचे. मांगवाड्यातलं पाणी पोटाला बाधतं म्हणायचे.

प्रार्थनेची खोली म्हणजे चुना दिलेल्या चार भिंती आणि सारवलेली जमीन. उपासना झाली की साहेब मंडळीला, म्हणजे जमलेल्या आम्हा किरिस्तावांना, विचारायचे, "या महिन्यात कोणी मूर्तीपुढं वाजवलं? कोणी ग्रहणाचं दान घेतलं?" ज्यांनी केलं असेल त्यांनी पुढं येऊन गुडघे टेकायचे. आपल्या तोंडानं पाप बोलायचं. साहेब डोक्यावर हात ठेवून क्षमेची प्रार्थना करायचे. उठायचं. पुढच्या जत्रेला पुन्हा हलगी. पुन्हा गुडघे.

एकदा बा म्हणाला होता, "साहेब, तुमी देशमुखाला एक शबूद सांगा. तुमचं ऐकतील ते. तुमी त्यांच्या बैठकीत खुर्चीवर बसता."

साहेब म्हणाले, "गावाच्या रीतीभातीत मंडळीनं पडायचं नसतं. तुम्ही आपलं अंतःकरण शुद्ध ठेवा. परीक्षा सगळ्यांवर येते."

बानं पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मी सदरा घालून घरी आले. मायनं तो काढला, घडी केली आणि कोनाड्यात ठेवला. पाण्यात घालायला हवा होता, पण पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. चांगल्या जाड कापडाचा सदरा. थंडी पडत होती. माझा धाकटा भाऊ याकूब, आम्ही त्याला याकू म्हणायचो, तेव्हा नुकता बोलायला लागला होता. त्याला अंगभर कपडा नव्हता. दोन रात्री तो कुडकुडला. तिसऱ्या दिवशी मायनं कोनाड्यातून सदरा काढला, झटकला आणि त्याला घातला. बाह्या दुमडल्या. तो त्याच्या पायापर्यंत येत होता. याकू खुश झाला. घरभर पळत सुटला आणि सदऱ्यात पाय अडकून पडला. आम्ही सगळे हसलो.

आधी मला ताप आला. फोड विरळ आले. मी उठले. मग याकूला आला. त्याच्या अंगावर बोट ठेवायला जागा राहिली नाही. डोळ्यांच्या आत फोड आले. माय लिंबाच्या पाल्यानं वारा घालत बसली होती. बा देवाचं नाव घेत होता, शेजारची म्हातारी देवीचं नाव घेत होती. कुणी कुणाला थांबवलं नाही.

याकू गेला.

साहेब त्या महिन्यात आले तेव्हा सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. उपासना झाल्यावर त्यांनी मायला पुढं बोलावलं. मला वाटलं, आता हे मायच्या डोक्यावर हात ठेवतील, चार शब्द बोलतील.

"मार्थाबाई, तुम्ही ग्रहणाचं दान घेतलं?"

"व्हय, साहेब."

"ते कापड लेकराला तुम्हीच घातलं?"

"व्हय."

"म्हणजे जे देवानं मना केलं ते तुम्ही घरात आणलं. स्वतःच्या हातानं लेकराच्या अंगावर घातलं. देव कसा बोलतो ते आता कळलं का?"

माय आपल्या हातांकडं पाहत होती.

"गुडघे टेका. मंडळीसमोर कबूल करा. मन हलकं होईल."

मायनं गुडघे टेकले. साहेब एकेक वाक्य सांगत होते, माय मागून म्हणत होती. मी मूर्तिपूजकांचं दान घेतलं. माझ्या पापामुळं माझं लेकरू गेलं. देवाचा न्याय खरा आहे. हे शेवटचं वाक्य तिला नीट म्हणता आलं नाही. साहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं.

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सदरा हिनं आणला ना? ये मुली."

मीही मायच्या शेजारी गुडघे टेकले. मी काय म्हटलं ते आठवत नाही. जमीन ओली होती, नुकतीच सारवलेली, एवढं आठवतं. बा मागं भिंतीशी उभा होता.

त्या दिवसापासून मी मनात एक घेऊन चालायला लागले. याकूला मी मारलं. सदरा मी घरी आणला. वाटेत कुठंतरी बोरीवर टाकून आले असते तर? देशमुखीण थोडीच मागं येणार होती? कामात असले, झोपेत असले, हेच. साहेब म्हणाले होते मन हलकं होईल. कुणाचं झालं असेल तर त्यांचं झालं असेल.

मायचं तर सगळंच थांबलं. वर्षातून दोनदा प्रभुभोजन व्हायचं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचा पेला फिरायचा. माय शेवटच्या रांगेत बसायची. ताटली तिच्यापाशी आली की पुढच्या बाईकडं सरकवायची. साहेबांनी क्षमा झाली असं सांगूनही. मी एकदा विचारलं, "माय, तू काहून घेत न्हाईस?"

ती म्हणाली, "ह्या हातानं याकूला सदरा घातला गं. ह्या हातानं कशी घेऊ?"

आणि पुढच्या गिराणाला तोच हात ओटी धरून गढीच्या मागच्या दारात उभा. न जाऊन काय करणार? पाणी बंद झालं असतं. गेलो की पापी, नाही गेलो की तहानलेले. गावानं एका बाजूनं दार लावलं होतं, मंडळीनं दुसऱ्या. मधल्या जागेत आम्ही. तिथं नीट बसताही येत नव्हतं.

मी वाचायला शिकले. हिंगोलीहून कधीमधी एक म्हातारी शिक्षिका यायची, तिनं पोरींना अक्षरं शिकवली. मला शास्त्र वाचता यायला लागलं तसा माझा गोंधळ वाढला. साहेब जे सांगायचे ते त्यात होतं. पण बरंच काही असं होतं की जे साहेब सांगतच नव्हते. जे दुसऱ्यांच्या डोक्यावर ओझी ठेवतात आणि स्वतः बोट लावत नाहीत, त्यांच्यावर त्यात किती राग होता. मी वाचायची आणि वाटायचं, हे मला चुकून समजतंय. माझ्यासारखीला बराबर कसं समजेल.

माझं लग्न झालं. नवरा हिंगोलीत कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. तोही आमच्यातलाच, किरिस्ताव. शांत माणूस. जिनिंगच्या मागं मजुरांच्या झोपड्या होत्या, तिथं आम्ही राहायचो. तिथं विहिरीवर सगळे पाणी भरायचे. मला कितीतरी दिवस घागर स्वतः बुडवायची सवय होईना. कडेला उभी राहून वाट पाहायची. एक मुसलमान बाई म्हणाली, "खडी काय को? भर लेव ना." तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पोहरा सोडला.

एके वर्षी झोपड्यांमध्ये देवीची साथ आली. सरकारी दवाखान्याचा माणूस टोचायला आला. तो घरोघर सांगत होता, आजारी माणसाचे कपडे जाळा, नाहीतर उकळत्या पाण्यात घाला. कपड्यांतून रोग जातो. खपल्यांतून जातो. मी माझा दंड पुढं करून उभी होते. सुई टोचली ते मला कळलंच नाही.

मी त्याला विचारलं, "भाऊ, सदऱ्यातनं जातो का?"

"सदऱ्यातून, वाकळेतून, कशातूनबी जातो. काहून?"

मी पदर दंडावर ओढला. झोपडीत येऊन बसले. म्हणजे देवानं याकूला मारलं नाही. मायच्या पापानं तो गेला नाही. कापडातून गेला. एवढी साधी गोष्ट. आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. देशमुखिणीला हे ठाऊकच होतं. खपल्या आणि सुई तिला माहीत नसतील. पण रोग माझ्या अंगावर जावा म्हणूनच तर तिनं सदरा घालायला लावला होता. लेकराचं लेकराला. तिला जे पाहिजे होतं तेच झालं. मग पाप कुणाचं? आणि गुडघ्यावर कोण बसलं?

हे मी कुणाजवळ बोलले नाही. कुणाजवळ बोलणार? पण त्या दिवसापासून मी मनातलं ओझं खाली ठेवलं. एकदम नाही, हळूहळू. जुन्या सवयीनं हात पुन्हा तिकडं जायचा.

बाळंतपणाला मी माहेरी आले. मुलगी झाली. ती रांगायच्या आत पुन्हा एक गिराण आलं, दिवसाचंच. माय तापानं पडली होती. बाच्या गुडघ्यांत त्राण नव्हतं. दुपारी गढीवरून कोतवाल आला आणि बाहेरूनच म्हणाला, "गढीवर बलावलंय. सूनबाई पोटुशी हायत. गोदीला न्हाई जमत तर पोरीला धाडा."

माय अंथरुणातून उठायला लागली. मी तिला निजवलं. म्हणाले, "मी जाते."

"बराबर म्हण हां," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हण."

मुलीला तिच्या कुशीत ठेवून मी गेले.

मागचं दार तेच होतं. देशमुखीण आता म्हातारी झाली होती, ती पाटावर बसली होती. ज्या पोराचा सदरा मी घातला होता तो आता कर्ता पुरुष झाला होता, मिशा ठेवल्या होत्या. तो दाराला टेकून उभा होता. त्याच्या तोंडावर देवीचे वण होते. माझ्याही आहेत. त्याची बायको आत, पडद्यामागं. देशमुखिणीच्या पुढ्यात सुपात ज्वारी आणि सुनेचं लुगडं.

मी उभी राहिले. ओटी पसरली नाही.

"म्हण की," देशमुखीण म्हणाली.

मी तिच्याकडं पाहत राहिले.

"मुकी झालीस का?"

"मी न्हाई म्हणणार, बाईसाब. आन न्हाई घेणार."

"काहून?"

"तुमच्या घरातलं तुमच्यापाशीच ठिवा. आमच्या घरात एक लेकरू गेलं तेवढं लई झालं."

तिला काही आठवलं असं वाटलं नाही. तिनं सूप उचललं आणि माझ्या अंगावर रिकामं केलं. ज्वारी माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून खाली पडली. लुगडं फेकलं ते माझ्या पायावर पडलं. मी पाय काढून घेतला. पदर झटकला. एक दाणा अंगावर राहू दिला नाही. तिचा मुलगा म्हणाला, "पाणी कुठून पिता ते पाहतो." मी वळले आणि चालायला लागले. मांगवाड्यापर्यंत मला वाटत होतं, मागून कुणी दगड मारील.

दगड आला नाही. पाणी बंद झालं.

आमच्याच लोकांनी मला बोल लावला. शेजारीण म्हणाली, "तू जाशील हिंगोलीला. आमी इथंच मरू." ती खरं बोलत होती. मी रोज झुंजूमुंजू होताच नदीवर जायची, वाळूत झिरा खोदायची आणि जेवढं मिळेल तेवढं पाणी सगळ्या घरांना आणून द्यायची. मी माफी मागावी असं त्यांचं म्हणणं नव्हतं, त्यांना पाणी पाहिजे होतं. बा एकदा म्हणाला, "मी जाऊन येतो गढीवर." मी म्हणाले, "बा, मुंडासं काढायचं न्हाई." तो बसून राहिला.

मला आशा होती ती साहेबांची. आम्ही गिराण घेतलं की ते गुडघे टेकायला लावायचे. आता तर घेतलं नाही. आता ते बोलतील. गढीवर जाऊन शब्द टाकतील. त्या रविवारी मुलीचा बाप्तिस्माही ठरला होता. नवरा हिंगोलीहून आला होता.

साहेब आले. गाडी आधी गढीवर थांबली. मग आमच्याकडं आली.

उपासना झाली. साहेबांनी मला पुढं बोलावलं. मुलगी माझ्या कडेवर होती.

"तू देशमुखांच्या घरी उद्धट बोललीस?"

"मी गिराण घेतलं न्हाई, साहेब."

"ते मी विचारलं नाही. न घेणं योग्यच. पण सौम्यपणानं नाही म्हणता येतं. तू म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर बोललीस. त्यांच्या घरात गरोदर बाई आहे, त्यांच्या मनाला किती लागलं. मंडळीवर संकट आणलंस. हा गर्व आहे. गर्व सगळ्यात मोठं पाप."

"माझ्याकडं गर्व करायाला काय हाय, साहेब?"

"गुडघे टेक. कबूल कर. मग माझ्याबरोबर गढीवर चल आणि क्षमा माग. त्यांनी मला शब्द दिला आहे, पाणी आजच सुरू होईल."

म्हणजे शब्द टाकता येत होता. इतकी वर्षं टाकता येत होता.

मी उभीच राहिले. माय त्या दिवशी नातीसाठी पुढच्या रांगेत बसली होती, तापानं सुकलेली. तिनं माझा पदर ओढला. "टेक गं माय गुडघे. टेक. लेकराचा बाप्तिस्मा हाय."

साहेब म्हणाले, "तिचं ऐक. कबुलीशिवाय मी या मुलीला बाप्तिस्मा देऊ शकत नाही."

नवऱ्यानं मान खाली घातली. मला माहीत होतं, बाप्तिस्मा नाही म्हणजे मंडळीत नाव नाही. उद्या काही झालं तर पुरायला मंडळीची जागा नाही. याकूला तरी ती मिळाली होती.

मी म्हणाले, "साहेब, तुमीच शिकिवलं, जगाचं पाप एकानं आपल्या अंगावर घेतलं. एकदाच घेतलं. मंग गावाचं पाप घेयाला आमी काहून लागतो?"

साहेबांनी शास्त्राचं एक पान उलटलं.

"आमी घेतलं तर तुमी गुडघ्यावर बसिवता. न्हाई घेतलं तरी बसिवता. मंग आमी उभं कवा ऱ्हायाचं?"

"तू मर्यादा सोडते आहेस."

"माझी पापं हायत. न्हाई असं न्हाई. ती मी रोज देवापुढं सांगते, माझी मला ठाऊक हायत. हे त्यातलं न्हाई. मी इथं खोटी कबुली देली तर तेच पाप व्हईल. आन माझ्या मायकडून तुमी जे म्हणून घेतलं तेबी खोटं होतं. याकू तिच्या पापानं न्हाई गेला. ज्यांनी तो सदरा माझ्या अंगात घालाया लावला त्यांचं पाप ते. त्यांना कुणी गुडघ्यावर बसिवलं? तुमी त्यांच्या बैठकीत खुर्चीवर बसता."

माझा आवाज चढला नव्हता. मला स्वतःलाच नवल वाटलं. आतून एकदम निवांत वाटत होतं. स्वच्छ मन कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. सुख नव्हतं त्यात. भीती होतीच. पण कुणापासून काही लपवायचं राहिलं नव्हतं.

साहेबांनी शास्त्र मिटलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटतं, क्षणभर ते काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "मंडळीनं प्रार्थना करावी. या बहिणीसाठी."

सगळ्यांनी गुडघे टेकले. बानं टेकले. नवऱ्यानं टेकले. माय वाकली तेव्हा तिचं कपाळ जमिनीला लागलं. एवढ्या वाकलेल्या पाठी मी कधी वरून पाहिल्या नव्हत्या. मुलीला कडेवर घेऊन मी एकटी उभी होते.

प्रार्थना संपायच्या आत मी बाहेर पडले आणि हिंगोलीची वाट धरली. नवऱ्यानं संध्याकाळी मागून येऊन मला गाठलं. मुलीला माझ्या कडेवरून आपल्या कडेवर घेतलं आणि चालत राहिला.

पाणी सुरू झालं ते मी गाव सोडल्यावर. बा गढीवर गेला की साहेब, ते मला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात माय गेली. निरोप मिळून मी पोहोचले तेव्हा ती बोलत होती, पण मला ओळखत नव्हती. "कबुली ऱ्हाइली," एवढंच म्हणत होती. "साहेबाला बलवा. माझी कबुली ऱ्हाइली." मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "माय, तुझं काही न्हाई. कापडातनं रोग गेला. तुझं पाप न्हाई." पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं ऐकलं का, मला माहीत नाही. ती त्याच शब्दावर गेली. हे सगळ्यात जास्त टोचतं. मी माझं मन मोकळं करून घेतलं, तिचं करता आलं नाही. देशमुखाच्या घरानं याकूचा जीव घेतला. आमच्याच मंडळीनं मायचं मन खाल्लं.

निजामाचं राज गेलं. हिंगोलीत झेंडे लागले, पेढे वाटले. गावातली विहीर होती तशीच होती. साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, तरुण होते. ते आपण होऊन जिनिंगच्या मागं आमच्या झोपडीत आले. मी पाणी दिलं ते प्यायले. हे मी ध्यानात ठेवलं.

ते म्हणाले, "ताई, झालं गेलं सोडा. एका रविवारी या. मंडळीसमोर एकदा गुडघे टेका, दोन शब्द बोला. मुलीचा बाप्तिस्मा मी स्वतः करतो. मन मोकळं होईल."

"माझं मन मोकळंच हाय, साहेब."

"मग काय अडचण आहे?"

"मंडळीनं एकदा गुडघे टेकावे. माझ्या मायचं नाव घेऊन. तिच्याकडून जे म्हणून घेतलं ते खोटं होतं, पाप आमच्याकडून झालं, असं मोठ्यानं म्हणावं. मंडळीच्या पंचांनी म्हणावं, पाळकांनी म्हणावं. त्या दिवशी मी माझ्या पोरीला घेऊन येते."

त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाले, "पंच याला तयार होणार नाहीत."

"मंग मीबी न्हाई."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "आणि मुलीचं काय?"

मी म्हणाले, "तिला मी समदं शिकवीन. पाप काय ते सांगीन. आपलं कोणतं आन दुसऱ्याचं कोणतं ते आधी सांगीन. तिला कुणी बळंच गुडघ्यावर बसवायला आलं तर त्यानं आधी माझ्यापाशी यावं."